टेक्सासचं घर वाचलं, सिंहगड रोडच्या फ्लॅटचं काय? अमेरिकेत बँकरप्सी फाइल करणाऱ्या मराठी माणसासाठी

दादाला फोन लावला तेव्हा डॅलसमध्ये रात्रीचे अकरा वाजले होते, पुण्यात सकाळचे साडेनऊ. मी म्हटलं, बँकरप्सी (दिवाळखोरी) फाइल करतोय, आणि कागदपत्रांत आपला सिंहगड रोडचा फ्लॅट दाखवावा लागणार आहे. पलीकडून थोडा वेळ नुसत्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग तो म्हणाला, "अरे, तिकडच्या कोर्टाला सिंहगड रोडचा फ्लॅट कुठून कळणार? कशाला आपणहून सांगतोस?"

हाच प्रश्न माझ्याही डोक्यात आठवडाभर घोळत होता. त्याचं उत्तर मला वकिलाला पैसे मोजून मिळालं, ते तुम्हाला इथे फुकट देतोय. आमची गोष्ट थोडक्यात अशी: २०२२ च्या शेवटी नोकरी गेली, नव्या इन्शुरन्सची सोय होईपर्यंत बायकोचं ऑपरेशन निघालं, आणि सहा महिने घर चार क्रेडिट कार्डांवर चाललं. हॉस्पिटलचं बिल धरून कर्ज १,१८,००० डॉलरपर्यंत गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघांनी मिळून फाइल केलं.

मी वकील नाही. खाली जे आकडे आहेत त्यातले केंद्रीय कायद्याचे आकडे १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेले आहेत. दर तीन वर्षांनी ते महागाईप्रमाणे बदलतात, म्हणजे पुढचा बदल १ एप्रिल २०२८ ला. राज्यांचे आकडे ज्या त्या विधिमंडळाच्या मर्जीने बदलतात. फाइल करताना बँकरप्सीचाच वकील गाठा. इमिग्रेशनचा नको, घरखरेदीच्या सह्यांना (क्लोजिंगला) आलेला नको, आणि मंडळातल्या कोणाचा भाचा तर मुळीच नको.

१. मुळात फाइल करायची गरज आहे का ते बघा

टेक्सासमध्ये क्रेडिट कार्डवाला किंवा हॉस्पिटल तुमच्या पगारातून थेट पैसे कापून घेऊ शकत नाही. मुलांची पोटगी, इन्कम टॅक्स, सरकारी शैक्षणिक कर्ज यांची गोष्ट वेगळी. कार्डाच्या थकबाकीवर दावा लावायची मुदतही इथे चार वर्षांची आहे. त्यामुळे ज्याच्याकडे भाड्याचं घर, जुनी गाडी आणि पगार एवढंच आहे, त्याने कधी कधी काहीच न केलेलं परवडतं. पण दाव्याचा निकाल विरुद्ध गेला की बँकेतलं खातं गोठवता येतं, आणि खात्यात पडलेला पगार हा मग पगार राहत नाही, नुसती रोकड होते. हे अनेकांना खातं गोठल्यावर कळतं.

दुसरं, तुमचं कर्ज माफ होण्यातलं आहे का ते तपासा. कार्डं, हॉस्पिटलची बिलं, पर्सनल लोन, जुनं घरभाडं हे माफ होऊ शकतं. पोटगी, अलीकडच्या वर्षांचा टॅक्स, फसवून घेतलेलं कर्ज हे होत नाही. शैक्षणिक कर्ज माफ करून घ्यायचं तर वेगळा दावा लावून असह्य हलाखी सिद्ध करावी लागते. फाइल करण्याआधीच्या ९० दिवसांत एकाच कार्डावर ९०० डॉलरच्या वर चैनीची खरेदी केली असेल, किंवा ७० दिवसांत १,२५० डॉलरच्या वर रोख उचलली असेल, तर ती फसवणूक होती असं कायदा गृहीत धरतो. आता बुडणारच आहे तर एक आयफोन घेऊन टाकू, हा विचार डोक्यातून काढा.

व्हिसाची धास्ती सगळ्यांना असते. फाइल करायला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. इथे राहत असाल किंवा इथे तुमची मालमत्ता असेल तर एच-वन-बीवरही फाइल करता येतं. दिवाळखोरी हा गुन्हा नाही. त्यात खोटं बोलणं हा आहे, आणि इमिग्रेशनला त्रास होतो तो त्या खोट्याचा.

२. चॅप्टर सेव्हन की चॅप्टर थर्टीन

बँकरप्सीच्या कायद्यातले हे दोन मार्ग. सेव्हनमध्ये तुमच्या नावावरची सगळी मालमत्ता केससाठी नेमलेल्या एका ट्रस्टीच्या हातात जाते. कायद्याने वाचवलेली बाजूला काढायची, उरलेली तो विकणार आणि धनकोंना वाटणार. बहुतेकांकडे विकण्यासारखं काही उरतच नाही, आणि चारेक महिन्यांत कर्ज माफ होतं. फी ३३८ डॉलर, आणि ती चार हप्त्यांत भरायची परवानगी मागता येते. उत्पन्न अगदीच कमी असेल तर माफही होते.

थर्टीनमध्ये काही विकलं जात नाही. तीन ते पाच वर्षं दरमहा ट्रस्टीकडे हप्ता भरायचा, आणि शेवटी उरलेलं कर्ज माफ होतं. फी ३१३ डॉलर. विनातारण कर्ज ५,२६,७०० आणि तारण कर्ज १५,८०,१२५ डॉलरच्या आत हवं.

सेव्हनला मीन्स टेस्ट लागते. मागच्या सहा पूर्ण महिन्यांचं सरासरी उत्पन्न घेऊन ते राज्यातल्या तुमच्याएवढ्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडतात. त्याच्या खाली असाल तर पास. वर असाल तर खर्च वजा करण्याचा लांबलचक फॉर्म आहे. नवी नोकरी लागण्याआधी फाइल केलं की नंतर, यावर इथे बराच फरक पडतो.

आमच्या ट्रस्टीला मात्र आमच्या उत्पन्नापेक्षा फ्लॅटमध्ये जास्त रस होता. थर्टीनमध्ये एक नियम आहे: सेव्हनमध्ये मालमत्ता विकून धनकोंना जितकं मिळालं असतं, निदान तितकं तुम्ही हप्त्यांतून दिलं पाहिजे. तो नियम आमचा हप्ता ठरवून गेला. आकडे पाचव्या टप्प्यात देतो.

३. कोणत्या राज्याची यादी तुम्हाला लागू ते ठरवा

बँकरप्सी कोर्ट केंद्राचं असतं, पण तुमचं काय वाचणार ते बरंचसं राज्य ठरवतं. प्रत्येक राज्याची एक्झेम्प्शनची, म्हणजे वाचणाऱ्या मालमत्तेची, स्वतःची यादी आहे. काही राज्यं केंद्राची यादी निवडायची मुभा देतात. टेक्सास देतं, न्यू जर्सी देतं, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा देत नाहीत. दोन्ही याद्यांतलं आवडेल ते उचलता येत नाही, एकच घ्यायची. नवराबायकोने एकत्र फाइल केलं तर दोघांनी मिळून एकच.

फरक किती असतो बघा. टेक्सास आणि फ्लोरिडात राहत्या घराला किमतीची मर्यादाच नाही, फक्त जागेची आहे. न्यू जर्सीत राज्याच्या कायद्याने राहत्या घराला काडीचं संरक्षण नाही, त्यामुळे एडिसनमधली माणसं केंद्राच्या यादीकडे वळतात. त्यात घराला माणशी ३१,५७५ डॉलर आहेत.

मग टेक्सासला जाऊन फाइल करू, असं मनात आलंच असेल. तुमच्याआधी ते पुष्कळांच्या मनात आलंय, म्हणून कायद्यात दोन कुलपं आहेत. पहिलं ७३० दिवसांचं. फाइल करण्याआधी सलग दोन वर्षं तुम्ही त्या राज्यात नसाल, तर त्या दोन वर्षांच्या आधीच्या १८० दिवसांत जिथे जास्त काळ राहिलात तिथली यादी लागू होते. दुसरं १,२१५ दिवसांचं, म्हणजे साधारण तीन वर्षं चार महिने. घर फाइल करण्याआधीच्या या मुदतीच्या आत घेतलेलं असेल तर टेक्सासमध्येसुद्धा संरक्षण २,१४,००० डॉलरवर थांबतं. त्याच राज्यातलं जुनं घर विकून तो पैसा नव्यात घातला असेल तर तेवढा धरत नाहीत. आम्ही जर्सीहून २०१८ मध्ये आलो आणि २०१९ मध्ये घर घेतलं, म्हणून दोन्हीतून सुटलो. शहाणपणा काही नव्हता, योगायोग.

४. टेक्सासची यादी

राहतं घर (होमस्टेड): शहरात दहा एकरांपर्यंत, गावाकडे कुटुंबाला दोनशे एकर. किंमत कितीही असो. पण घराचं कर्ज, प्रॉपर्टी टॅक्स, घरावर काढलेलं इक्विटी लोन यांना हे संरक्षण आड येत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने 'होमस्टेड आहे ना' म्हणून हप्ते थांबवले. घर वाचवणं म्हणजे हप्ता माफ होणं नाही, हे त्याला जप्तीच्या नोटिशीने शिकवलं.

बाकीचं सामान: एकट्या माणसाला ५०,००० डॉलर, कुटुंबाला १,००,०००, त्यावरचं कर्ज वजा करून. यात फर्निचर, कपडे, धंद्याची अवजारं, घरातल्या लायसन्स असलेल्या प्रत्येकामागे एक गाडी. पुढे यादी वाचताना आम्हा दोघांना त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. दोन घोडे किंवा खेचरं किंवा गाढवं, प्रत्येकाचं खोगीर, घोंगडी आणि लगाम. बारा गुरं. १२० कोंबड्या. दोन बंदुका. देवघरातली पोथी तर मर्यादेच्या बाहेर, ती वेगळी वाचते, कारण कुठल्याही धर्माचा पवित्र ग्रंथ तिथे बसतो.

बँकेतली रोकड मात्र या यादीत कुठेच नाही. गाढव वाचतं, चेकिंग खात्यातले चार हजार वाचत नाहीत. यायचा असलेला टॅक्स रिफंडही नाही. म्हणून फाइल करण्याचा दिवस वकील घरभाडं, हप्ता, किराणा भरून झाल्यावरचा निवडतो. रोजच्या खर्चात पैसे गेले तर चालतं, मेहुण्याच्या खात्यात गेले तर चालत नाही.

सोनं: दागिन्यांना एकूण मर्यादेचा चौथा हिस्सा, म्हणजे कुटुंबाला २५,००० डॉलर. तेही त्या लाखातच धरलेले. सोन्याचा आजचा भाव बघता लग्नातलं सोनं सगळं इथे असेल तर ही मर्यादा पटकन भरते. केंद्राच्या यादीत तर दागिन्यांना माणशी फक्त २,१२५ डॉलर आहेत. टेक्सासच्या कायद्यात लग्नाआधीचं आणि भेट म्हणून मिळालेलं हे ज्याचं त्याचं स्वतंत्र, बाकी लग्नानंतरचं सामाईक. नवऱ्याने एकट्याने फाइल केलं तर बायकोचं माहेरचं सोनं त्यात येत नाही. दोघांनी केलं तर येतं.

आमच्या वकिलाच्या ऑफिसातली मुलगी यादी टाइप करत होती. बायकोने मंगळसूत्र सांगितलं. तिने विचारलं, हे काय असतं? बायकोने गळ्यातलं पुढे करून दाखवलं. तिने 'लग्नाचा नेकलेस, सोनं आणि काळे मणी' असं लिहिलं आणि किंमत विचारली. बायको माझ्याकडे बघायला लागली. गेल्या चौदा वर्षांत त्याची किंमत कोणी विचारली नव्हती.

फोर-ओ-वन-के: हे सर्वात सुरक्षित. नोकरीतून मिळालेला असा निवृत्तीचा फंड धनकोंच्या हाती लागतच नाही. आयआरए म्हणजे स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं, त्यालाही १७,११,९७५ डॉलरपर्यंत संरक्षण आहे. आणि आपली माणसं नेमका हाच फंड आधी फोडतात, दंड आणि टॅक्स भरतात, त्यातून कार्डं फेडतात, आणि सहा महिन्यांनी तरीही फाइल करतात. मीही ११,००० काढले होते. तेवढ्यासाठी अजून हळहळतो.

भाड्याने राहत असाल तर केंद्राची यादी नीट बघा. तिच्यात कशालाही लावता येईल असं एक संरक्षण आहे: १,६७५ डॉलर, आणि घराचं न वापरलेलं १५,८०० पर्यंत. माणशी १७,४७५. हे रोकडीला लागतं, रिफंडला लागतं, आणि पुण्यातल्या फ्लॅटमधल्या हिश्श्यालाही लागतं. आम्हाला इथल्या घरात बरीच इक्विटी (कर्ज वजा जाता उरणारी किंमत) होती, त्यामुळे टेक्सासची यादी घेणं भागच होतं. त्या यादीत पुण्याला जागा नाही, कारण होमस्टेड म्हणजे टेक्सासातलं राहतं घर.

५. भारतातली मालमत्ता

आता दादाच्या प्रश्नाकडे.

कायदा म्हणतो, मालमत्ता जगात कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो, ती लिहायची. त्यात काय काय येतं: तुमच्या नावावरचा किंवा सामाईक फ्लॅट, वडिलांच्या मागे वारसाने आलेला हिस्सा, सातबाऱ्यावर नाव असलेली शेती, एनआरई आणि एनआरओ खाती, एफडी, पीपीएफ, एलआयसी, डीमॅटमधले शेअर, आईच्या लॉकरमधलं तुमचं सोनं. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली सुधारणा झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही जन्मसिद्ध हिस्सा आहे. त्यामुळे बायकोच्या माहेरचाही विचार करा. 'मी काही मागणार नाहीये' हे उत्तर चालत नाही. पीपीएफ म्हणजे आपलं फोर-ओ-वन-केच, असंही गृहीत धरू नका. ते संरक्षण अमेरिकेच्या टॅक्स कायद्यात बसणाऱ्या फंडांचं आहे.

कळणार कसं, असं दादा विचारत होता. तुम्हीच सांगितलेलं असतं. परदेशातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेले की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा सरकारी फॉर्म, भरावा लागतो. टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी खात्याबद्दल सरळ प्रश्न असतो. एनआरओवरचं व्याज, भारतात कापलेला टीडीएस, बँक स्टेटमेंटमधून दरमहा भारतात गेलेले पैसे, हे सगळं ट्रस्टीसमोर असतं. सेव्हनच्या ट्रस्टीला तर सापडलेल्या मालमत्तेतून टक्केवारी मिळते, त्यामुळे तो आवडीने वाचतो.

बरं, कळलं तरी अमेरिकन कोर्टाचा हुकूम पुण्यात कोण चालवणार? हा प्रश्न मी वकिलाला विचारला तेव्हा मला वाटलं होतं मी मोठा मुद्दा काढलाय. गोष्ट खरी आहे. ज्या देशांच्या कोर्टांचे हुकूम भारतात थेट बजावता येतात, त्यांत अमेरिका नाही. वकील म्हणाला, पुण्याला कोणाला जायचंय? न्यायाधीशासमोर तुम्ही आहात. त्याने तुम्हाला सांगितलं की विका किंवा किमतीएवढं भरा, आणि तुम्ही ऐकलं नाही, तर कर्जमाफीच नाकारली जाते. ते कर्ज पुढच्या बँकरप्सीतही सुटत नाही. आणि मुद्दाम लपवल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड.

उलट लिहिलं तर काय होतं ते आमचं सांगतो. फ्लॅटची किंमत सरकारमान्य मूल्यांककाकडून काढून घेतली. रेडी रेकनरवर भागवू नका, ट्रस्टी बाजारभाव विचारतो. ७८ लाख आले, माझा अर्धा हिस्सा ३९ लाख, त्या वेळच्या ८३ च्या दराने साधारण ४७,००० डॉलर. त्यातून दलाली, भारतातला भांडवली नफ्यावरचा कर, विक्रीचा खर्च वजा करायचा असतो. अर्धाच हिस्सा परका माणूस विकत घेईल का, हाही मुद्दा मांडता येतो. शेवटी ३८,००० वर तडजोड झाली. म्हणजे पाच वर्षांत धनकोंना निदान तेवढे मिळाले पाहिजेत. वकिलाची फी आणि ट्रस्टीचं कमिशन धरून हप्ता महिना ७८५ डॉलर बसला. फ्लॅट जागेवर आहे. दादा अजून तिथेच राहतो.

कऱ्हाडकडची शेती वेगळीच निघाली. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली तीन वारलेल्या माणसांची. ट्रस्टीने विचारलं, हे अकरा लोक कोण? मी चुलत आजोबांपासून सुरुवात केली, तिसऱ्या पिढीला त्याने हात वर केला. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकता येते, वाटणी झालेली नाही, आणि माझा हिस्सा गुंठ्यांत. विकायचा खर्च किमतीपेक्षा जास्त, असं वकिलाने अर्ध्या पानात मांडलं आणि ट्रस्टीने तिचा नाद सोडला. अशा डोईजड मालमत्तेवर पाणी सोडायची तरतूद कायद्यातच आहे. पण ती यादीत असेल तरच. न लिहिलेली मालमत्ता केस संपल्यावरही ट्रस्टीच्या कक्षेतच राहते.

भारतातल्या कर्जाबद्दल एक. फाइल केल्यावर इथले वसुलीवाले थांबतात, पण ज्या बँकेचं अमेरिकेत काही नाही तिला इथला हुकूम ऐकायची भीती नसते. वडील जामीनदार असतील तर ते बांधलेलेच राहतात. हे त्यांना आधी सांगा, बँकेच्या माणसाकडून कळू देऊ नका.

६. फाइल करण्याआधी हे करू नका

- हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र. दादाने दुसऱ्या फोनला हेच सुचवलं: "मग माझ्या नावावर करून टाक." दोन वर्षांमागपर्यंतचे असे व्यवहार केंद्रीय कायद्याने उलटवता येतात, टेक्सासच्या कायद्याने चार वर्षांमागपर्यंतचे. फाइल करण्याआधीच्या वर्षात लपवायच्या हेतूने केलेलं असेल तर कर्जमाफीच जाते.
- नातेवाइकाचं उसनं आधी फेडणं. मेहुण्याला ६,००० परत केले आणि मग फाइल केलं, तर ट्रस्टी ते मेहुण्याकडून वसूल करू शकतो. नातेवाइकांसाठी एक वर्षमागे बघतात, इतरांसाठी ९० दिवस. चांगुलपणाने फेडायला जाता आणि मेहुण्याच्या दारात समन्स जातं.
- रोकड एकदम घराच्या कर्जात कोंबणं. धनकोंना हुलकावणी द्यायला केलं असं दिसलं तर दहा वर्षांमागचंही काढतात.
- सेटलमेंट कंपन्यांच्या नादी लागणं. आम्ही एकीला पाच महिने पैसे भरले. त्यांनी कार्डांचे हप्ते थांबवायला सांगितलं, व्याज चढत गेलं, आणि त्यांची फी तेवढी वेळेवर कापली जात होती.
- स्वस्तात फॉर्म भरून देणारे. त्यांना टाइप करायची परवानगी आहे, सल्ला द्यायची नाही. कोणती यादी निवडायची हा सल्लाच आहे.

७. कागदपत्रं

इथली: मागच्या ६० दिवसांच्या पे-स्लिप, वकील मागेल तितक्या वर्षांचे टॅक्स रिटर्न, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपची सुद्धा. गाडीचं टायटल, घराच्या कर्जाचं स्टेटमेंट, फोर-ओ-वन-केचं स्टेटमेंट, लायसन्स, सोशल सिक्युरिटी कार्ड, आणि तीनही ब्युरोंचे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे एखादा धनको राहून जाणार नाही. मैत्रिणींची भिशी असेल तर तीही लिहा. तुमचा नंबर लागायचा बाकी असेल तर ते तुमचं येणं आहे, लागून गेला असेल तर देणं.

भारतातली: फ्लॅटचा इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा आणि आठ-अ, मृत्युपत्र किंवा वारस नोंद, मूल्यांककाचा अहवाल, एफडीच्या पावत्या, एफबारच्या प्रती. सातबारा महाभूलेखवर मिळतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. एफबार भरायचे राहिले असतील तर आधी टॅक्सवाल्याकडे जाऊन ते निस्तरा. दोन सरकारी कागदांवर दोन वेगळ्या गोष्टी सही करून लिहिण्याची वेळ येऊ देऊ नका.

८. फाइलिंग आणि ३४१ मीटिंग

फाइल करण्याआधीच्या १८० दिवसांत क्रेडिट काउन्सेलिंगचा कोर्स लागतो. सरकारमान्य संस्थेचाच हवा. तासाभराचा असतो, घरबसल्या होतो. सर्टिफिकेट नसेल तर केस फेटाळली जाते.

फाइल झाल्या क्षणापासून वसुलीला स्थगिती. फोन दोन-चार दिवस येत राहतात. केस नंबर सांगायचा आणि ठेवायचा. थर्टीन असेल तर हप्त्यांचा प्लॅन मंजूर व्हायची वाट न बघता ३० दिवसांत पहिला हप्ता सुरू करायचा. बऱ्याच केस इथेच पडतात.

मग तीन ते सात आठवड्यांत ३४१ मीटिंग, म्हणजे ट्रस्टी तुम्हाला शपथेवर प्रश्न विचारतो ती बैठक. नाव ऐकून पोटात गोळा येतो. त्यात न्यायाधीश नसतो, बहुतेक वेळा झूमवर होते. आम्ही डायनिंग टेबलावर बसलो, मागच्या कॅलेंडरवर गणपती होता. बायकोने तो आधी काढला, मग परत लावला. लायसन्स आणि कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, उजवा हात वर करून शपथ घेतली. प्रश्न असे: सगळी मालमत्ता लिहिली का? सगळे धनको? कोणी तुमचं देणं लागतं का? गेल्या काही वर्षांत कोणाला काही दिलं, विकलं? वारसाने काही मिळणार आहे का? अमेरिकेबाहेर काही आहे का? शेवटच्याला मी 'हो, शेड्यूलमध्ये (मालमत्तेच्या यादीत) आहे' म्हटलं. त्याने पान उलटलं आणि त्या अकरा नावांवर आला. पाऊण मिनिट ते, एकूण नऊ मिनिटं सगळं.

आमच्या आधी एक गृहस्थ होते, त्यांनी उत्तराऐवजी आपली कहाणी सांगायला घेतली आणि ट्रस्टीने त्यांना पुढची तारीख दिली. विचारलं तेवढंच बोला. फाइल केल्यापासून १८० दिवसांत घरात कोणी वारलं आणि वारसाने काही आलं, तर तेही ट्रस्टीला कळवायचं. थर्टीनमध्ये हे प्लॅन संपेपर्यंत वकिलाला विचारत राहा.

९. त्यानंतर

दुसरा कोर्स असतो, पैशाच्या व्यवस्थापनाचा. सेव्हनमध्ये ३४१ च्या पहिल्या तारखेनंतर ६० दिवसांत सर्टिफिकेट द्यायचं. लोक हा विसरतात, केस कर्जमाफीशिवाय बंद होते, आणि उघडायला पुन्हा फी.

थर्टीन चालू असताना विचारल्याशिवाय नवं कर्ज काढायचं नाही. आम्हाला गाडी बदलायला अर्ज करावा लागला. टॅक्स रिफंडवर ट्रस्टीचा डोळा असतो, म्हणून मी कंपनीतला टॅक्स बरोबर तेवढाच कापायला लावलाय. भारतात जायला कोणी अडवत नाही, हप्ता तेवढा चुकवायचा नाही. आमचा प्लॅन २०२८ मध्ये संपतो. सेव्हनची नोंद क्रेडिट रिपोर्टवर दहा वर्षं राहते, थर्टीनची सहसा सात.

डिस्चार्जचा, म्हणजे कर्जमाफीचा, हुकूम आला की त्याच्या आणि धनकोंच्या यादीच्या प्रती स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. जुनी कर्जं विकत घेणारे पाच-सहा वर्षांनीही फोन करतात, आणि तेव्हा तोंडी समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा ती दोन पानं पाठवलेली बरी. एक प्रत भारतातही पाठवा. मी मूल्यांककाच्या अहवालासकट आमची पूर्ण फाइल दादाला पाठवली आहे, त्याने ती फ्लॅटच्या कागदांबरोबर गोदरेजच्या कपाटात ठेवली.